मी तारामती

अर्धापूर

प्रिय मैत्रिणी,

हे पत्र तुला तुझी सून साक्षी वाचून दाखवेल. वाचता वाचता मध्येच चहाला उठवू नकोस तिला, तुझी ती खोड मला ठाऊक आहे. तू लातूरला लेकाकडे गेलीस, तेव्हापासून तुझी आठवण विस्कटत चालली आहे असं ती फोनवर सांगते. कधी माणसं ओळखतेस, कधी तिलाच पाहुणी समजून पाट मांडतेस. इथं मी सगळ्यांना सांगते, तिकडची हवा मानवली नाही. खरं सांगायला जीभ रेटत नाही.

इकडची बातमीही धड नाही. आपलं केळीच्या वेफर्सचं केंद्र बंद झालं. दुकानदारांना कारखान्याचा रंगीत पाकिटातला माल हवा, आणि आपल्या बायका कढईपुढे उभ्या राहून थकल्या. शुक्रवारी मीच कुलूप लावलं. भोकरपासून उदगीरपर्यंत एसटीनं हिंडून बायकांचे बचत गट उभे केले, त्यांच्या महासंघाची अध्यक्ष म्हणून हारतुरे घेतले, आणि शेवटी अंगाला तेलाचा वास तेवढा उरला. माझ्या आनंदराजनं जेवायला हाक मारली, तर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लेकरू बिचारं ताट झाकून गेलं.

पहिली बैठक आठवते का, असं विचारत नाही. मीच सांगते. आमच्या वस्तीतल्या विहारात सतरंजी अंथरली होती. मळ्याकडच्या घरांतून तू एकटी आलीस आणि दारातच बसलीस, आत काही येईनास. प्रत्येकीनं आधी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, मगच बैठक सुरू, ही माझी अट. अमक्याची बायको, तमक्याची माय चालणार नाही. तुझ्यापाशी फेरी आली तशी तू पदर तोंडाला लावून म्हणालीस, "नाव कायला पाह्यजे बाई, दयानंदची माय म्हना की!" सगळ्या हसल्या. मीही हट्टाला पेटले. शेवटी तू सतरंजीकडे बघत नाव पुटपुटलीस, तर धुरपताबाई म्हणते, "काईच ऐकू नाय आलं, आनखी एकदा!" दुसऱ्या वेळी विहार दणाणला. पुढच्या बैठकीला तू आत येऊन माझ्याच शेजारी बसलीस. मग ती जागा तुझीच झाली.

नांदेडच्या सभेत तो साहेब तुझ्या मागं कुणी पुरुष माणूस आहे का बघत होता, तेव्हा माईक ओढून तू तेच नाव ठणकावून सांगितलंस. मला इतका आनंद झाला होता, की मी स्वतःचं भाषणच विसरले. आणि गैरहजर बाईचं नाव तिच्या शेजारणीनं घ्यायचं, ही रीतही तुझीच. धुरपताबाई आजारी पडली तेव्हा तू तिचं नाव घेतलंस, म्हणालीस, जागा रिकामी दिसू नाय. तू लातूरला गेल्यापासून प्रत्येक फेरीत तुझं नाव मी घेत आले. शुक्रवारी शेवटच्या फेरीलाही घेतलं. आता फेरीच नाही, मग ते कुठं घेऊ?

परवा साक्षीनं रडत सांगितलं, दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं, तर तू म्हणालीस, दयानंदची माय. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. केंद्र गेल्याचं दुःख मी गिळेन, पण हे गिळवत नाही गं. म्हणून लिहायला बसले, आणि म्हणूनच वर नुसतं मैत्रिणी लिहिलं, पत्रभर तुझं नाव कुठं येऊ दिलं नाही. ते तुझ्याच तोंडून यायला हवं. साक्षी, आता वाचायचं थांबव आणि तिला विचार. घाई करू नकोस, मीही केली नव्हती. अगदीच नाही आलं, तर आज तिच्या शेजारी तू बसली आहेस. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, ठाऊक आहे मला. तरी घे बाई, तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं घे.

तुझीच शेजारीण,
पंचशीला