सुजयच्या डाव्या डोळ्याचे फोटो

९ एप्रिल, बुधवार

माफ कर डायरी, दीड महिना तुला हात लावला नाही. लिहायचं म्हटलं की हाताला फक्त थेंबांच्या वेळा सुचतात, आणि त्या भिंतीवरच्या तक्त्यात जातात.

चोवीस फेब्रुवारीला सुजयच्या मल्हारगंजच्या दुकानात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली. अ‍ॅसिड चेहऱ्यावर, मानेवर, डाव्या डोळ्यात. पाच आठवडे हॉस्पिटल. आता माझा हा धाकटा भाऊ माझ्याकडे सिमरोलला आहे. उजवा डोळा वाचला. डाव्याची सूज आटोक्यात राहिली नाही तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा विरघळत जातो, असं डॉ. अस्मिता म्हणाल्या. म्हणून रोज सकाळी सातला, त्याच खिडकीत, त्याच खुर्चीवर डोळ्याचा फोटो काढून त्यांना पाठवायचा. सोबत जळजळीचा आकडा, शून्य ते दहा.

आज फोटोत लाली कमी. सुजयला लगेच दाखवला. मग आकडा विचारला.

"तीन लिही, ताई."

११ एप्रिल

डॉक्टरांचा मेसेज – छान. स्टेरॉइडचे थेंब सहाऐवजी चार वेळा.

१४ एप्रिल, सोमवार

आता दोनच वेळा. सुजय फोनवर मित्राला – "अरे भिया, काला चश्मा लगाके बैठूंगा. ग्राहक भाव करने से डरेगा." किती दिवसांनी त्याची थट्टा ऐकली.

मला मात्र समोर बसलेला डोळा फोटोपेक्षा लाल वाटतो. मनाची समजूत घातली – तू कॉलेजच्या लायब्ररीतली बाई, डोळ्यांतलं तुला काय कळतं?

१६ एप्रिल

कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी मानेवरच्या जखमेचाही फोटो मागितला. काढला, तर व्रण गुळगुळीत. बोटाला खडबडीत लागणारी कातडी फोटोत साफ!

फेब्रुवारीत कॉलेजच्या आयकार्डासाठी फोटो काढताना डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसू नयेत म्हणून मीच फोनच्या कॅमेऱ्याला डाग आणि लाली पुसणारं फिल्टर लावलं होतं. तेव्हापासून चालूच. खिडकी, खुर्ची, वेळ – सगळं तपासत होते, फोन सोडून. शेहेचाळिसाव्या वर्षी कोणाला दाखवायचा होता चेहरा?

फिल्टर काढून पुन्हा फोटो घेतला. डोळा लालभडक.

डॉक्टरांना फोन लावायला वीस मिनिटं घेतली. हेही लिहून ठेवते. वीस मिनिटं मी वाक्यं जुळवत होते, माझी चूक कमी वाटेल अशी. शेवटी जसं घडलं तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "लगेच घेऊन या," एवढंच.

त्यांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. कडेला पडदा पातळ झालाय. औषधं बदलली. आठवड्यात आणखी पातळ झाला तर ऑपरेशन, आणि तेव्हाही नजरेची खात्री नाही.

"नुसत्या फोटोवर थेंब कमी करायला नको होते, ते माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण जळजळही तीनच लिहून येत होती."



१७ एप्रिल, गुरुवार

आज सुजयला सरळ विचारलं. खरंच तीन होती?

"सात. कधी आठ."

"मग तीन का सांगितलंस?"

"तू आधी फोटो दाखवायचीस ना, ताई. त्यात डोळा एकदम बढिया. मला वाटलं, माझीच काहीतरी गडबड आहे, बरं होताना असंच जळत असेल. कॅमेरा थोडी झूठ बोलेगा?" मग म्हणाला, "आणि फोटो बघून तू हसायचीस."

उद्या सातला – आधी आकडा विचारायचा. फोटो नंतर.