आईच्या बंदुकीचे दहा सेंटीमीटर

फोबोर, ९ ऑगस्ट १९८६

ती. बाबांना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे ते तुम्ही लिहीत नाही, म्हणजे दुखतच असणार. इकडे आम्ही ठीक. शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होईल, मग माझं शिकवणंही.

एक सल्ला हवा आहे. आईच्या दुनळी बंदुकीच्या नळ्या शहात्तर सेंटीमीटरच्या. गेल्या हिवाळ्यात मी ती घेऊन इथल्या जंगलात प्रथमच उभी राहिले, तर नळी झुडपात अडकली. ती सोडवेपर्यंत रानकोंबडा डोक्यावरून निघून गेला. सासरेबुवा होल्गर सगळ्यांदेखत म्हणाले की ही बंदूक आहे की शिडाची काठी? फार हशा झाला. गावातला बंदूकवाला म्हणतो की कापून सहासष्टची करून देतो. प्रेबेन नवरा असून एवढंच म्हणतो, आईची वस्तू आहे, तूच ठरव. म्हणजे मीच ठरवायचं, म्हणून तुम्हाला विचारते. किती लांबीची नळी बरी?

उत्तर पाठवा. गुडघ्याच्या बातमीसह.

तुमची,
सिग्ने


फुर बेट, १४ ऑगस्ट

चि. सिग्नेस,
अ. उ. आ.

गुडघा जागच्या जागी आहे.

लांब नळीची बंदूक लांबवर मारते असं होल्गर सांगेल. वीस वर्षं मीही तेच सांगत होतो. मग तुझ्या आईने कोठाराच्या दाराला वर्तमानपत्रं चिकटवली, दोन्ही लांबीच्या बंदुकांनी बार काढले, भोकं मोजली आणि मला गप्प केलं. फरक आहे तो फिरवण्यात. उघड्या पाण्यावर पाखरू लांबून आडवं जातं. हात जरा अडखळला तरी लांब नळी आपल्या वजनाने पुढे जात राहते. जंगलात पाखरू दिसतं न दिसतं तोच नाहीसं होतं, तिथे आखूड नळी बरी. इथवर तुझा बंदूकवाला बरोबर आहे.

पण त्या नळ्या टोकाशी किंचित अरुंद आहेत, म्हणून छर्रे एकत्र राहतात. टोक कापलंस की ते गेलं. वीस पावलांवर चालेल, चाळीस पावलांवर पाखरू नुसतं जखमी होईल. म्हणजे खाडीवर ती बंदूक पुन्हा कामाची नाही. आणि नळी म्हणजे केस नव्हेत, पुन्हा वाढायला.

नावेला डांबर लावलं. कशाला लावलं कोण जाणे. एक सप्टेंबरला बदकांचा हंगाम उघडायचा तो तुझ्या आईचा नि माझा दिवस होता. मी वल्हवायचो, एलेन पुढच्या फळीवर बंदूक घेऊन बसायची. ती गेल्यावर मी नाव पाण्यात घातलेली नाही. दफनानंतर घरी बंदूक तुला दिली तेव्हा मनात होतं की कधीतरी तू त्या फळीवर बसशील. बोललो नाही. तुझ्या हातात पाहुण्यांच्या कॉफीचा ट्रे होता.

तुला त्या जंगलाची एवढी ओढ का? होल्गरचं ओरडणं तुला कधीच आवडलं नाही.

पत्राची वाट पाहतो, हे पोस्टमनलाही कळून चुकलं आहे.

तुझा,
बाबा


फोबोर, २० ऑगस्ट

ती. बाबांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

चार वर्षं झाली मला या घरात. शिकारीच्या रविवारी सगळे जंगलात जातात. परत आले की रात्रीपर्यंत एकच बोलणं, कोण कुठे उभं होतं आणि काय उडालं. मी वाटाण्याचं सूप वाढते. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. प्रेबेन चांगला आहे, पण तो त्याच्या माणसांत असतो. गेल्या हिवाळ्यात मी शिकाऱ्यांच्या रांगेत उभी राहणार म्हटल्यावर आतेसासूबाईंनी टेबलाशी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. एवढंच, एक खुर्ची. नळी अडकली, सगळे हसले, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा स्वयंपाकघरात.

बाबा, इथे घर भरलेलं असतं आणि मला फार एकटं वाटतं.

ती बंदूक काय आहे ते मला कळतं. तुम्ही नको म्हणालात तर भिंतीवर टांगेन, राग धरणार नाही. एक तारखेला मात्र येता येत नाही, सोमवार आहे, शाळा आहे.

माया आहे तशीच राहू द्या.

सिग्ने


फुर बेट, २४ ऑगस्ट

चि. सिग्नेस,
अ. उ. आ.

काप.

तुझी आई या बेटावर आली तेव्हा माझ्या आईच्या स्वयंपाकघरात तिला जागा नव्हती. तिने बंदूक का उचलली असं मला तीस वर्षांत विचारावंसं वाटलं नाही. तुझं पत्र वाचून आता कळलं. ती असती तर मला म्हणाली असती, आक्सेल, तू बंदूक सांभाळतोयस की पोरगी?

सहासष्टच कर. त्याहून आखूड नको, हातात नाचते. टोकावरचा नेम धरायचा मणी परत बसवून घे. वीस-पंचवीस पावलांपलीकडचं पाखरू सोडून द्यायचं, कोणी काहीही म्हणो. आणि कापलेला तुकडा भंगारात जाऊ देऊ नकोस, मला पाठव.

जपून राहा.

बाबा


फोबोर, १९ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सप्रेम नमस्कार.

तुकडा ऑगस्टअखेर टपालात टाकला होता. पोचला का, ते तुम्ही कळवलं नाहीत.

आज पहिली शिकार झाली. एक रानकोंबडा वीस पावलांवर उठला आणि मी तो पाडला. दुसरा लांब होता. मी बंदूक उचलली आणि खाली घेतली. होल्गरनी संध्याकाळी सगळ्यांसमोर विचारलं की तो का सोडलास. मी म्हटलं, "या बंदुकीचं टोक माझ्या बाबांकडे आहे." कोणी हसलं नाही. होल्गरनी माझ्या वाडग्यात सूप वाढलं.

खुर्ची मिळाली, बाबा. आणि तिथे बसल्या बसल्या हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटत होतं.

तुमचा एक सप्टेंबर कसा गेला?

सिग्ने


फुर बेट, २४ ऑक्टोबर

चि. सिग्नेस,
अ. उ. आ.

तुकडा तीस तारखेला पोचला. दोन नळ्या, शेजारी शेजारी, अजून डाखाने जोडलेल्या.

एक तारखेला गेलो. तुकडा खिशात होता. पुढे माणूस नसलं की नावेचं नाक वर उठतं आणि वारा तिला फिरवतो, हे मी विसरलो होतो. परत आलो, पुढच्या फळीवर दोन दगड ठेवले आणि पुन्हा निघालो. बदकं लव्हाळ्याला घासून आली, चाळीस पावलांवर. माझी बंदूक पायाशी होती. एलेन हळूच थांब म्हणायची आणि मी वल्ही उचलायचो. कोणी म्हणालं नाही, तरी मी उचलली. बदकं निघून गेली. एकट्याने ते जमत नाही, सिग्ने. दगडांशी काय बोलणार?

पुढल्या वर्षी एक सप्टेंबरला मंगळवार आहे, शाळा असणार. सहा तारखेला रविवार आहे. कॅलेंडर अजून छापलेलं नाही, मी बोटांवर मोजलं. माझी बंदूक लांब नळीचीच आहे, ती तू घे. मला वल्ही पुरतात.

येणार असशील तर तसं लिही. दगड काढून ठेवतो.

तुझा,
बाबा