तुझ्या गाडीची किल्ली आणि माझ्या गाडीचं डोकं

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या ताईचे आशीर्वाद. (वयाने लहान आहेस, तेव्हा जे मिळतंय ते मुकाट्याने घे.) तुझ्या डोळ्यांचं, कमरेचं आणि वहिनीच्या सहनशक्तीचं कुशल कळवावं. माझं विचारशील तर दात तीन उरलेत, पण ते एकमेकांसमोर येत नाहीत, त्यामुळे तोंडात शांतता आहे. अक्षर माझं नाही हे तुला ठाऊकच आहे. शाळेत तुला धाडलं आणि मला तुझं दप्तर पोचवायला, त्यामुळे अक्षरांशी माझी ओळख दारापर्यंतच राहिली. तेव्हा लेखणी नातीची, तोंड माझं. ती मधूनमधून नाक मुरडते, पण ते कागदावर उमटत नाही हे बरं.

आता मूळ बातमी. गाडी अंथरुणाला खिळली आहे. तीच गाडी, जी तुझे दाजी आणि तू एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या दोन घेऊन आलात आणि मग दारात उभे राहून कुणाची जास्त चकाकते यावर जेवण थंड होईपर्यंत भांडलात. बावीस वर्षं झाली. दाजी गेले, गाडी राहिली. (मी उलटं मागितलं असतं असं नाही, पण मला कुणी विचारलंही नाही.) माझे गुडघे या जगात फक्त त्या गाडीच्या पुढच्या सीटवर दुमडतात. बसच्या पायऱ्या मला चढत नाहीत, मुलाच्या ऑफिसच्या त्या उंच गाडीत मला पोत्यासारखं उचलून टाकावं लागतं आणि उचलणारा नंतर दोन दिवस कमरेला पट्टा बांधून फिरतो. तू कमरेवर पडल्यापासून तुला लांबचा प्रवास बंद, आणि गाडीवाचून मला. म्हणजे आपली भेट आता थेट वरच, आणि तिथेही तू उशिराच येणार.

झालं असं की गेल्या महिन्यात मुलगा मला दातांच्या डॉक्टरकडे नेत होता (तीन दातांसाठी डॉक्टर लागतो, हे त्यांचं म्हणणं). सिग्नलला गाडी थांबली आणि निघताना तिने असा हिसका दिला की माझी पिशवी मागच्या सीटवर आणि मुलाचा चष्मा माझ्या मांडीवर. पुढच्या पाटीवरचे सगळे दिवे एकदम लागले. ही आपोआप गिअर बदलणारी गाडी, पण तिने तिसरा धरला तो धरलाच, खाली उतरेना, वर चढेना, अगदी तू वादात धरतोस तसा. मागचे भोंगे वाजवत होते. मुलाने काच खाली करून त्यांची माफी मागितली. मी माझ्या बाजूची काच खाली करून मागितली नाही.

मग मेकॅनिक आले. पहिल्याने प्लग बदलले, दुसऱ्याने तेल बदललं, तिसऱ्याने पहिल्या दोघांना शिव्या दिल्या आणि बॅटरी बदलली. गाडी तिसऱ्यातच. भंगारवालाही येऊन गेला. त्याने चाकाला एक लाथ मारली आणि मान हलवली, जसं काही दुखणं चाकात होतं. मुलगा म्हणाला, महिनाअखेरपर्यंत चालली तर ठीक, नाहीतर भंगारात. नातीचं तोंड उतरलं, कारण तिला नुकतंच लायसन्स मिळालंय आणि शिकायला हीच एक गाडी अशी आहे जिच्यावर नवीन ओरखडा ओळखू येत नाही.

शेवटी गाड्यांच्या वायरिंगचं बघणारा एक जण आणला. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, म्हणून आम्ही त्याला मौनी म्हणतो. त्याने ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं, पाय ठेवायच्या जागेचं कार्पेट उचललं. खाली जेवणाच्या डब्याएवढी एक पत्र्याची पेटी आणि तिला वायरींच्या झिंज्या. हाच म्हणे गाडीचा कॉम्प्युटर. इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं आणि गिअर कधी बदलायचा, दोन्ही हाच ठरवतो. म्हणजे दिसत कुठे नाही आणि चालतं सगळं त्याचंच. (मी या घरात चाळीस वर्षं हेच काम केलं, मला कुणी पत्र्याची पेटी दिली नाही.) पेटीच्या तोंडाशी पांढरा थर जमला होता. मौनीने बोट लावलं, जिभेवर ठेवलं, आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलला, ‘ही गाडी समुद्रात गेली होती का?’

सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं, कारण दर रविवारी तो पाइप लावून गाडी धुतो. तो शपथेवर सांगू लागला की नळाचं पाणी गोडं असतं. मी एवढंच म्हटलं की पाइप नको तिथे सोडायची सवय त्याला तीन वर्षांचा असल्यापासून आहे. (नात हे लिहायला तयार नव्हती. लिही म्हटलं.) बिचाऱ्याने पुढचा सगळा खर्च न कुरकुरता आपल्या अंगावर घेतला.

तो कॉम्प्युटर कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. तेव्हा आम्ही गाड्यांच्या भंगारखान्यात गेलो. मीही गेले, मुलाच्या त्या उंच गाडीत, पोत्यासारखी. तिथे कुठल्याशा बसमधून उपटलेल्या सीटवर बसून मी देखरेख केली. दुपारी आपल्यासारखीच एक गाडी सापडली, मागून चेपलेली, पण पेटी शाबूत. ती आणून मौनीने बसवली, किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म. एक दिवा नुसता मिचमिचतोय. मौनी म्हणाला, ‘किल्लीला ओळखत नाही.’ म्हणजे त्या किल्लीच्या काळ्या डोक्यात एक मणी असतो, आणि प्रत्येक कॉम्प्युटर आपल्याच मण्याला ओळखतो, इतरांना चोर समजतो. कालची आलेली सून, आणि सासूलाच विचारते, आपण कोण?

तेव्हा आता हवा असा कॉम्प्युटर, जो त्याच गाडीचा, त्याच सालचा आणि आपल्या स्वतःच्या किल्लीसकट असेल. माझ्या माहितीत तो एकच आहे आणि तुझ्या शेडमध्ये उभा आहे.

आता रागावून पत्र खाली ठेवू नकोस, वाचून दाखवणारी वहिनी आहे, ती उचलून पुढे वाचेल. मला ठाऊक आहे की डोळ्यांमुळे डॉक्टरांनी तुला गाडी बंद केली. हेही ठाऊक आहे की किल्ली तू गळ्यात दोऱ्यात घालतोस आणि आंघोळीलाही काढत नाहीस, तुझ्या मुलाने मागितली, डॉक्टरांनी मागितली, वहिनीने पाया पडून मागितली, तरी दिली नाहीस. रोज सकाळी शेडमध्ये बसून गाडी नुसती सुरू करतोस म्हणे, तिची तब्येत राहावी म्हणून. मग ती शेडची भिंत. भिंतीबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही. भिंती पडतात. मी फक्त म्हणते, तुझ्या गाडीचं डोकं माझ्या गाडीत आलं, तर तुझी गाडी बंद नाही झाली, ती फक्त माझ्या दारात राहायला आली. आणि मी ती घेऊन तुझ्याकडेच येईन. तू पुढे बस. मी मागे बसेन. लहानपणी बैलगाडीत पुढे बसण्यावरून मी तुला चावले होते, खूण अजून तुझ्या दंडावर असेल, म्हणजे हे बोलणं मला किती जड गेलं ते समज.

मौनी शनिवारी तिकडे येतोय. त्याच्या हातात किल्ली दे. रविवारी आम्ही दारात.

तुझी,
अजूनही तुझ्याहून चार वर्षं मोठी असलेली
ताई

ता. क. समुद्राचं म्हणशील तर, मी दुपारी दारातल्या उभ्या गाडीत बसून घमेल्यात गरम मिठाचं पाणी घेऊन पाय शेकत असे. सून हॉलमध्ये पाणी सांडू देत नाही आणि त्या सीटवर गुडघे बरे दुमडतात. घमेलं थोडं कलंडायचं. तीन वर्षं थोडंथोडं. मुलाला कळवू नकोस. पाइप धुऊन, गुंडाळून त्याने कायमचा माळ्यावर ठेवलाय आणि रविवारी माझ्याशी नरमाईने वागतो.

ता. क. दुसरा. किल्लीचा दोरा तुझ्याकडेच ठेव. मला फक्त किल्ली हवी.

ता. क. तिसरा, आणि हा माझा, म्हणजे नातीचा. आजीने सांगितलेला नाही. मामाआजोबा, तुमचा कॉम्प्युटर आम्हाला नकोय. मौनीकाकांच्या ओळखीचा एक जण लॅपटॉप घेऊन आला आणि भंगारातल्या पेटीला आमच्या किल्लीची ओळख पटवून गेला. गाडी मंगळवारपासून उत्तम चालते. हे पत्रसुद्धा आम्ही गाडीतच बसून लिहितोय आणि इंजिन सुरू आहे. आजीला फक्त तुमची किल्ली हवी आहे. तुमच्या गाडीच्या धक्क्याने शेडची भिंत पडली तेव्हा पलीकडे मामीआजी कपडे वाळत घालत होती. वीट तिच्या पदराला लागून पडली. हे तिने तुम्हाला सांगितलं नाही, आजीला फोनवर सांगितलं. शनिवारी मौनीकाकांनी पेटी काढल्यासारखं करायचं, असं आजीने त्यांना शिकवलंय. त्यांना खोटं बोलावं लागणार नाही, ते बोलतच नाहीत. पण रविवारी गाडी मी चालवणार आहे आणि फसवून घेतलेली किल्ली मला त्या गाडीत नको. द्यायची तर समजून द्या.

नाही दिलीत तरी आम्ही येतोय. आणि मागे बसण्याचं ती खरं बोलली. मंगळवारपासून रोज मागच्या सीटवर चढायचा सराव करते आहे. चार मिनिटं लागतात आणि मधे दोनदा तुमचं नाव घेऊन शिवी.

आत्ता विचारतेय, एवढं काय खरडतेस. पत्ता लिहितेय म्हटलं.