ढाळ भुरीबाईच्या गाण्याची

॥ श्री महावीराय नमः ॥

मी झमकूबाई, भ्रतार कै. हस्तीमल, ओसवाल जैन, राहणार तळोदे, जिल्हा पश्चिम खानदेश, माझ्या माघारी माझ्या वस्तूंचे काय करावे ते आज सांगून लिहवून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती सकाळपासून धडधडते आहे खरी, पण ती आजाराने नव्हे, आनंदाने. वैद्य काहीही म्हणोत. आज पर्युषणातले जन्मवाचन, भगवंत महावीरांच्या जन्माची कथा वाचायचा दिवस. दुपारी आमच्या मंदिरात, देरासरात, चांदीचा पाळणा हलेल आणि बायका हालरडे, म्हणजे पाळणागीत, म्हणतील. त्यात माझे हालरडे असेल की नाही, एवढ्यावर माझा जीव टांगला आहे. मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्यालाही मी याच कागदात बसवले असते.

लिहिणारे बाँडरायटर भिला दगा हे दर वाक्याला म्हणतात, "बाई, हाई मृत्युपत्रमा लिखतस नही." हेही लिहा, असे मी त्यांना सांगितले आहे.

कलम पहिले. दुकान व त्यावरचे घर मालकांचे होते, ते मुलगा धर्मचंद याचे. त्यावर बोलायचा मला हक्क नाही आणि हौसही नाही. दुकानामागची खोली व अंगण मात्र माझ्या माहेरच्यांनी माझ्या नावावर घेऊन दिलेले आहे. ते स्त्रीधन होय. तेही धर्मचंदलाच देते, पण अंगणातला निंब तोडायचा नाही. सूनबाईला त्याचा पाला झाडायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. झाडावे.

कलम दुसरे. माझे चांदीचे कडे भुरीबाई, राहणार धडगावकडे डोंगरात, हिला द्यावे. शिवाय निंबाखालच्या ओट्यावर ती हयात असेतो तिने हवे तेव्हा बसावे आणि गावे. तिला कोणी उठवू नये. भुरीबाई भिल्ल जमातीची. भुईमुगाच्या शेंगा निवडायला ती आमच्याकडे येई. तिचा बाज्या तान्हा होता. त्याला झोळीत घालून ती निंबाला टांगायची, पायाने दोरी ओढायची आणि हाताने शेंगा निवडत गायची. त्या चालीने मला वेडच लावले! शेंगा राहिल्या बाजूला. मी विचारले, हे कसले गाणे? ती म्हणाली, "इंदलनं शे, सेठाणीबाई. नवस फेडतस, तव्हय देवले म्हनतस."

मी म्हटले, देवाचे गाणे तू लेकराला म्हणतेस?

"मंग? देव बी त्यावर डोलस, लेकरू बी निजस," ती म्हणाली.

त्या दिवशी पोळ्या करपल्या आणि मालक उपाशी दुकानात गेले. मी तव्यापाशी उभी राहून त्या चालीवर शब्द बसवत होते: "निज रे त्रिशलेच्या वीरा, वारा घालते सारी नगरी." माझ्या आयुष्यात मी दुसरे काही रचले नाही. हे एकच, पण काय गोड रचले!

कलम तिसरे हे वस्तूचे नसून गाऱ्हाण्याचे आहे. आमची रीत अशी की नवे स्तवन उचलण्याआधी, गायला घेण्याआधी, त्याची ढाळ, म्हणजे चाल, कोणत्या गाण्याची ते मोठ्याने सांगायचे. जुन्या मुनींनी शेकडो वर्षे हेच केले. लग्नातली गाणी, जात्यावरची, उंटवाल्यांची, जे कानाला गोड लागले ते त्यांनी घेतले, त्यावर देवाचे शब्द बसवले आणि वर त्या गाण्याचे नाव घातले. म्हणून तर ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही तिलाही स्तवन पाठ होते. शास्त्र महाराजसाहेबांनी वाचावे. आम्हा बायकांच्या घरी भगवंत चालीवर बसून आले. मग मी काय वेगळे केले? त्या वर्षीच्या जन्मवाचनाला पाळण्यापाशी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सांगितले, "ढाळ भुरीबाईच्या इंदलच्या गाण्याची!" पहिली ओळ संपायच्या आत माझी मोठी जाऊ पानीबाई, जी मंडळात स्तवने उचलते, तोंड फिरवून चालती झाली. तिच्यामागे निम्म्या बायका गेल्या. तेव्हापासून माझे हालरडे देरासरात नाही. देरासराचे कारभारी रिखबचंद दर पर्युषणाला मला म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. रिखबचंद यांना मी या मृत्युपत्राने काहीएक देत नाही. भिला म्हणतात, ज्याला काही मिळते त्याची साक्ष आम्ही घेत नाही; तेव्हा रिखबचंद साक्षीला चालतील. बसले आहेत समोर, मान खाली घालून.

कलम चौथे. माझी काशाची झांज. आजीने आईला दिली, आईने मला. मारवाडातून बैलगाडीत आली. तिचा नाद अजून नव्या नवरीसारखा लख्ख आहे. जी कोणी बाई देरासरात ढाळीचे नाव पुरते सांगून माझे हालरडे उचलेल तिला ही झांज द्यावी. भुरीबाईचे नाव गाळणारीला देऊ नये. कोणीच पुढे आली नाही तर झांज वितळवून तिची वाटी करावी आणि पानीबाईला पाठवावी. तीत तिने चटणी खावी.

येथवर लिहून झाल्यावर दुसऱ्या साक्षीदारासाठी पानीबाईलाच बोलावणे धाडले. मुद्दामच धाडले, लपवत नाही. ती आली. भिलांनी सगळे वाचून दाखवले. चटणीपाशी त्यांचा आवाज बसला. मी म्हटले, भाभी, करा सही.

पानीबाईने टाक घेतला आणि खाली ठेवला. "साक्षीदारले काही भेटत नही ना?"

"नही," भिला म्हणाले.

"मंग मी साक्षीदार नही. ती झांज मन्ही शे."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी म्हटले, तुम्ही तर भिल्लांची चाल म्हणून उठून गेला होतात.

"कोनी सांगं?" ती कडाडली. "त्या दिन पाळनानी दोरी मन्हा हातमा व्हती. तू हिसकाडी लिधी, झमकू! सगळास्ना समोर! म्हनीसन मी गऊ. गानानं काय वाईट शे? मन्हा नातू त्याशिवाय निजत नही!"

दोरी हिसकावल्याचे मला आठवतसुद्धा नाही. हिसकावली असेल, ती चाल गळ्याशी आली की माझे हात माझे राहत नाहीत. इतकी वर्षे मी इकडे जळते आहे आणि भिंतीपलीकडे ती माझेच गाणे गाते आहे! मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. रिखबचंद म्हणाले, मग या वर्षीच बघू. कागद तसाच ठेवून आम्ही सगळे उठलो. धर्मचंदने मला हाताला धरले. भुरीबाई सकाळीच डोंगरातून उतरून ओट्यावर येऊन बसली होती, तिला पानीबाईनेच हाक मारली.

पुढचे देरासरातून आल्यावर लिहवले.

दोरी पानीबाईच्या हातात होती. मी दोरीला शिवले नाही, हात पदरात बांधून उभी राहिले. दोरी मनगटाला गुंडाळून पानीबाईने मी दिलेली झांज वाजवली आणि तिचा तो जाडा आवाज घुमटात घुमला, "ढाळ, भुरीबाईना इंदलना गानानी!" एकही बाई उठली नाही. सगळ्या गात होत्या. घराघरांत लेकरे निजवून त्यांना ते केव्हाच पाठ झाले होते. भुरीबाई बाहेर पायरीवर उभी होती. आत तिला बोलावले नाही. त्याचे भांडण मी पुढच्या पर्युषणासाठी राखून ठेवले आहे. पण तिच्या पायाने फरशीवर ठेका धरलेला मी दारातून पाहिला, आणि भगवंताचा पाळणा त्याच ठेक्यावर हलत होता.

सबब कलम चौथे रद्द. झांज मी माझ्या हयातीत, माझ्या हाताने देऊन टाकली आहे. चटणीची वाटी रद्द. बाकी कलमे कायम. ती अमलात यायला मात्र बराच अवकाश लागेल असे मला आज वाटते.

मुक्काम तळोदे, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, शके १८६१, गुरुवार, ता. १४ सप्टेंबर १९३९.

सही: झमकूबाई, दस्तुरखुद्द

हस्ताक्षर: भिला दगा, बाँडरायटर (बाईंनी सांगितले तसेच लिहिले. माझा इलाज चालला नाही.)

साक्षीदार:
१. रिखबचंद, कारभारी
२. पानीबाई. या मृत्युपत्राने हिला काही मिळणे उरलेले नाही. जे हवे होते ते आज मिळाले. म्हणून साक्ष घेतली.