म्यानाबाहेर राहिलेली चार बोटं

मंगळवार, संध्याकाळ. दसरा परवावर आला.

चार बोटं! आमच्या घराण्याच्या तलवारीचं चार बोटं पातं नव्या म्यानाबाहेरच राहिलं.

जुनं म्यान उन्हाळ्यातल्या साफसफाईत मीच फेकलं, कुजकं चामडं समजून. बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांना आता दिसत नाही, पूजेला ते हातानेच चाचपतात. म्हणून जुन्या फोटोवरून हुबेहूब तसंच म्यान नागरा गावच्या, चामड्याचं काम करणाऱ्या भैयालालजींकडे शिवायला दिलं होतं.

आज तलवार घेऊन म्यान आणायला गेले तर ते म्हणाले, "चामडं वाळता वाळता आटलं बाई. पुन्हा भिजवून तानाव लागते. आठ दिवस दे. काऊन घाई करून राहिली?"

चारच बोटं तर आहेत, असं वाटलं. मूठ धरून जोर लावला आणि शिवण टोकापर्यंत उसवली. म्हाताऱ्याची महिनाभराची मेहनत! त्यांनी नुसती हातातली आरी खाली ठेवली.

का केलं मी असं? दादा उद्या नागपूरहून येईल. तलवार पोरीच्या हाती कशाला, असं तो मागेच म्हणाला होता. तरी बाबांनी ती माझ्याच हवाली केली. आणि मी?

घरी येऊन बाबांच्या खाटेशी बसले, सगळं सांगितलं. रडू आवरेना. बाबांनी चाचपत माझा हात धरला. मग म्हणाले, "उघडीच पुजू यंदा. पन जुनं म्यान तू फेकलं, हे दादाले नोको सांगू. मी फेकलो म्हनीन."