उंदराच्या फुप्फुसाचे पंक्चर

धुळे, मार्च १९९१

झुलालनानांच्या पायांवर भाचा भटूचे डोके. मामींचे गुडघे कसे आहेत? सायकलच्या दुकानातला पंप अजून सूं-सूं करतो का?

नाना, परवा मंगळवारी उंदराचे फुप्फुस फुगताना पाहिले आणि तुमचा भाचा कामातून गेला. कॉलेज अर्ध्यात सोडून मी इथे प्रयोगशाळेत पिंजरे धुतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पोटातला जंतुदोष रक्तात भिनला की तिकडे वर फुप्फुसे का ताठरतात, हे डॉक्टर उंदरांवर तपासतात. साक्रीची रेशमा (इथली तंत्रज्ञ, तिचा विषय खाली) मेलेल्या उंदराच्या फुप्फुसात सिरिंजने हवा सोडते आणि काचेच्या नळीत पाणी किती चढले त्यावरून दाब मोजते. निरोगी फुप्फुस म्हणजे बोराएवढा गुलाबी गोळा. इवल्याशा दाबाने ते कापसाच्या बोंडासारखे उमलले, आणि हवा काढताच आपले आपण मिटले. मी हात जोडले. (देवळातही जोडत नाही, मामींना विचारा.) मग आजारी उंदराचे लावले. तेवढ्याच हवेला पाणी कितीतरी वर चढले, तरी ते पुरते फुलेना. रेशमा म्हणाली, "भटू, तुन्हं डोकं बी असंच कडक शे."

काल ती जरा बाहेर गेली आणि नळीतले पाणी हळूहळू उतरू लागले. (दाब स्थिरावताना थोडा उतरतोच, हे नंतर कळले.) तुमच्या दुकानात वाढलेला मुलगा दुसरे काय समजणार? पंक्चर! फुप्फुस बादलीत बुडवले आणि बुडबुडे बघायला सिरिंज कचकन दाबली. बुडबुडे आले नाना, पण भोक मीच पाडले होते. डॉक्टर म्हणाले, "हा उंदीर फुकट मेला." माझी मूठ वळली, पण रेशमा ते फाटके फुप्फुस कागदात गुंडाळत होती. मूठ आपोआप सुटली. आज दुपारी डॉक्टरांसमोर सिरिंज मी धरायची आहे. जमले तर राहीन, चुकलो तर यावलची बस धरून तुमच्याकडे. म्हणून दुकानातले माझे स्टूल कुणाला देऊ नका.

तुमचा,
भटू

ता. क. स्टूल द्या कुणालाही. खरे काम वेगळेच आहे. साक्रीला जाऊन रेशमाच्या वडिलांच्या कानावर माझा विषय घाला. मी शांत स्वभावाचा आहे असे सांगा.

ता. क. २. इतक्यात जाऊ नका. रेशमाला अजून विचारलेलेच नाही. तिने आत्ताच हाक मारली, "चाल भटू, आनि आज हळू दाब." कॉलेजचे दार मी आपटून बाहेर पडलो होतो. हे दार हळूच लावून निघतो. आत पिंजऱ्यांत उंदीर झोपलेत.