बाळूनं काढलेली वीट

६ जानेवारी, मंगळ.
चहा ठेवता ठेवता सगळ्यांची विचारपूस. मिलिंद, पाठ कशी आहे रे? "आहे जागेवर." माझ्या लेकाला सरळ उत्तर देणं कधी जमलंच नाही. शीतल, झोप झाली का गं? सूनबाईंनी मान हलवली, पण डोळे सुजलेले. म्हणजे नाही. आणि रमाबाई, तुम्ही? नात हसली, वरचे दोन दात दिसले, माझा गुडघा दुखायचा थांबला.
राहिला बाळू. माझा धाकटा भाऊ, शीतलचा बाप. त्याला विचारायला फो. केला. वाजून वाजून बंद. रोज सकाळी त्याचा गुलाब यायचा मोबाइलवर, खाली "शुभ सकाळ". मी ओरडायचे, अरे मोबाइल भरतो माझा. दिवाळीपासून एक फूल नाही.
रमाला ऐकू येत नाही हे दिवाळीच्या तोंडावर कळलं. पोर कुकरच्या शिट्टीनंही उठत नाही म्हणून आम्ही कौतुक करत होतो. शहाणी गं माझी, म्हणून. का ऐकू येत नाही, ते आज रक्ताच्या रिपोर्टात कळणार.

तोच दिवस, संध्या.
कनेक्झिन. डॉक्टरीणबाईंकडून तीनदा म्हणून घेतलं. मी चौथी शिकलेली, पुढची शाळा सगळी पुड्याच्या कागदांवर. पण एकदा लिहिलं की विसरत नाही.
बाई तरुण आहे, कागदावर चित्र काढून सांगते. शरीरात पेशी शेजारी शेजारी असतात, भिंतीला भिंत लागून. मधे बारीकशी नळी. अर्धी या पेशीनं बनवायची, अर्धी त्या पेशीनं, मधोमध तोंडाला तोंड जुळवायचं. मग क्षार, निरोप, सगळं इकडून तिकडे. ती नळी ज्याची बनते ते कनेक्झिन. कानाच्या आत क्षार फिरत राहिले तरच ऐकू येतं. रमाच्या कानात ती नळी नीट बनलीच नाही. पोटात असल्यापासून.
मी म्हटलं, म्हणजे आमच्या घाटकोपरच्या खोलीतली खिडकी.
मि. म्हणाला, "आई, इथं नको ना सुरू करू."
बाई म्हणाली, "करू दे की. कसली खिडकी?" सांगितली. तिला आवडली.
मग तिनं विचारलं, नवरा-बायकोत नातं आहे का? मि. म्हणाला, मामाची मुलगी. ती म्हणाली, एक बिघडलेली प्रत वडिलांकडून, एक आईकडून. दोघांना काही त्रास नाही, पण लेकराला दोन्ही मिळाल्या.
रिक्षानं निघालो. मुलुंडच्या सिग्नलला शीतल हळूच म्हणाली, "आत्या, पप्पा म्हणून येत नाहीत का? तुम्ही माझ्यावर ढकलाल असं वाटतं त्यांना?" सासू होऊन चार वर्षं झाली, अजून आत्याच म्हणते. रडायला आलं की जास्तच.

८ जाने., गुरु.
खिडकीचं लिहून ठेवते, रमा मोठी झाली की वाचेल.
घाटकोपरच्या टेकडीवर आमची बैठी चाळ. माझी खोली, शेजारी बाळूची. त्याच्याकडे आई नि आमचा सर्वांत धाकटा सिद्धू. सिद्धूला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. पावसात दारातून जा-ये करून आईचे पाय गारठायचे. म्हणून एका दुपारी बाळूनं मधल्या भिंतीतली एक वीट काढली. मग दुसरी. मी ओरडले, भिंत पडेल ना रे! तो म्हणाला, "पडली तर एकच खोली होईल, झकास." त्याच्या बाजूनं खोक्याची फळी ठोकली, माझ्या बाजूनं माझ्या शिलाई मशीनची जुनी फळी. अर्धी चौकट त्याची, अर्धी माझी. तिकडून बोंबलाचं कालवण, इकडून भाकरी.
मिलिंद आणि शीतल त्याच खिडकीतून गोट्या खेळले. मोठे झाल्यावर काय काय गेलं तिथून, मला माहीत नाही, विचारलंही नाही. आमच्यात मामाची मुलगी म्हणजे ठरल्यासारखंच. कोणी करा म्हणालं नाही, कोणी नको म्हणालं नाही.
चाळ गेली. आम्हाला मुलुंडला टॉवरमध्ये घर, बाळू गोवंडीला. वहिनी गेल्यापासून तिथं एकटा.

११ जाने., रवि.
न सांगता गोवंडीला गेले. दार उघडलं, म्हणाला, "आक्का, तू? गुडघा?"
"गुडघा घेऊनच आले. सोडून कुठं येणार?"
चहा केला त्यानं. साखर जास्त, लहानपणापासून हात सैल. रमाचं एक अक्षर विचारलं नाही. मीच सुरुवात केली. बाळू, दोघांकडून अर्धं अर्धं आलंय. माझ्या पोराकडून एक, तुझ्या पोरीकडून एक. कोणी कोणाला बोलायचं नाही. तू तोंड लपवू नको.
कप खाली ठेवला. "ते नाही गं."
"मग काय?"
"मला सर्दी होती."
मला कळेना.
"रमा दोन महिन्यांची होती. मला सर्दी झालेली, तरी गालाचा पापा घेतला तिचा. नंतर तीन दिवस ताप होता पोरीला. शीतलनंच सांगितलं फोनवर." मग हाताकडे बघत म्हणाला, "सिद्धूच्या वेळेला गोवर, आता सर्दी. माझंच लागतं, आक्का. दोनदा झालं. तिसऱ्यांदा नको, म्हणून येत नाही."
एवढा मोठा माणूस. मिशा पांढऱ्या. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर म्हणतो, "केस राहिलेत कुठं."

१२ जाने., सोम.
काल रात्रीपासून आईचा आवाज कानात. बाळू सहा वर्षांचा, त्याला गोवर आला. मग सिद्धूला आला, तो जेमतेम वर्षाचा. नंतर काही महिन्यांनी लक्षात आलं, हाक मारली तर वळत नाही. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "बाळूच्या गोवरानं याचे कान नेले." रागानं नाही, नुसतं, मीठ कमी पडलं म्हणावं तसं. आई वाईट नव्हती. तिला कारण ठेवायला कुठेतरी जागा हवी होती. बाळू जवळ बसलेला असायचा, तिथं ठेवलं.
सिद्धूला बाळूनं जन्मभर सांभाळलं. आधी त्याला जेवायला, मग स्वतः. मुका म्हणेल त्याच्या अंगावर जायचा. वस्तीतले म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मीही म्हणायचे. माया होतीच. पण मायेखाली हे दबलंय, ते सिद्धू जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला दिसलं नाही.

१५ जाने., गुरु.
रमाला कानामागचं मशीन लावून बघायला नेलं. तिनं ते काढून चघळलं. बाई म्हणाली, हिला यानं फारसं भागणार नाही, आतलं यंत्र बसवावं लागेल, ऑपरेशन. पण आवाज मेंदूकडे नेणारी नस चांगली आहे, अशा मुलांना बहुतेक वेळा चांगला फायदा होतो. "बहुतेक वेळा." शीतलनं तेवढेच दोन शब्द घट्ट धरले.
मी सिद्धूचं विचारलं. तिनं पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाली, "आजी, असू शकेल. पण गोवरानंही कान जातात. ते आता नाहीत, त्यांचं रक्त तपासता येणार नाही. मी छातीठोक सांगू शकत नाही."
सर्दीचं विचारलं. हसली नाही, हे बरं केलं. म्हणाली, "सर्दीनं नाही. रमाचं कारण या कागदावर आहे, ते पापा घेण्याच्या कितीतरी आधीचं. हे खात्रीनं सांगा त्यांना."
आणि सिद्धूचं? तुम्हा दोघा भावंडांचं रक्त बघू, म्हणाली. दोघांत हाच बिघाड निघाला तर सिद्धूचंही तेच असण्याची शक्यता बरीच वाढते. तरी शक्यताच.
निघता निघता विचारलं, या नळ्या कानातच असतात का? नाही म्हणाली, कातडीत, डोळ्याच्या भिंगात, हृदयातसुद्धा. प्रत्येक जागी कनेक्झिनचा भाऊबंद वेगळा. हृदयाच्या पेशी त्यातूनच एकमेकींना कळवतात, म्हणून सगळं हृदय एका ठोक्यात चालतं. कातडीत म्हटल्यावर मी टाचा दाखवल्या, या भेगा त्यामुळेच का? "आजी, त्याला तेल लावा." शीतल हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

१६ जाने., शुक्र.
मि. म्हणतो, "आई, मामाला सरळ सांगून टाक ना. डॉक्टर म्हणाले, सिद्धूमामाचं पण हेच होतं, शंभर टक्के. त्याला काय कळणार? माणूस सुटेल ना यार." पोराचं मन मोठं आहे.
दिवसभर हाच विचार. सांगावं? एका वाक्याचं काम. भांडी घासताना बोलूनही बघितलं, तोंडात बसतंय का. बसतंय.
पण आईनंही एक कारण खात्रीनं सांगितलं होतं. खात्री नसताना. त्याखाली पोर वाकलं ते वाकलंच. आता तसंच दुसरं मी सांगू? चांगलं असलं म्हणून काय झालं?
नाही. सर्दीचं खात्रीनं सांगेन. सिद्धूचं जेवढं आहे तेवढंच.

१८ जाने., रवि.
फो. केला. उचलला! सर्दीचं सांगितलं. म्हणाला, "कागदावर आहे तसं?" आहे. "नक्की?" नक्की. मग विचारलंच, "आणि सिद्धू?" जसं आहे तसं सांगितलं. म्हणाला, "असू शकेल म्हणजे काय गं? आक्का, असू शकेल घेऊन मी काय करू?" रक्त देशील का विचारलं. "आणि माझ्यात नाही निघालं तर?" ठेवला.
त्याचं बरोबर आहे. नाही निघालं तर गोवर परत त्याच्याच दारात येऊन बसेल.

१९ जाने., सोम.
मी माझं रक्त देऊन आले. कोणीतरी आधी आपल्या बाजूची वीट काढावी लागते.

२४ जाने., शनि.
रमाला छातीवर झोपवून गुणगुणते. ऐकू नाही येत, पण माझी छाती थरथरते ती तिला कळते. गाल दाबून ठेवते तिथंच. मी थांबले की डोकं उचलून बघते, बंद का केलं म्हणून.
तिला सिद्धूच्या खुणा शिकवतेय. बाई म्हणाली, चालेल, यंत्र बसलं तरी खुणा वाया जात नाहीत. पाणी: अंगठा ओठाला. मी: चिमटीत दोरा ओढल्यासारखं, कारण मी सदा मशीनवर. भिंतीवरच्या फोटोतला बाळू दाखवून त्याची खूण केली. तळहात कपाळावर.
आणि हात तिथंच राहिला.
सिद्धूनं बाळूचं नाव तेच ठेवलं होतं. तळहात कपाळावर. आम्ही म्हणायचो, बाळूला डोकेदुखी आहे म्हणून असेल. अरे, बाळू दिवसातून दहादा सिद्धूचं कपाळ बघायचा, ताप नाही ना म्हणून. सिद्धूसाठी भाऊ म्हणजे कपाळावरचा हात. त्याला कुठं ठाऊक होतं गोवराचं. त्याला कोणी सांगूच शकलं नाही. त्याच्यापुरता तो हात नुसता मायेचाच होता.

३० जाने., शुक्र.
रिपोर्ट आला. माझ्यात आहे. तोच बिघाड, रमाचा. म्हणजे आई किंवा बाबांकडून आलेला. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट हलकं वाटलं, आईचं काहीतरी सापडल्यासारखं.
आता बाळूचं राहिलं.

१ फेब्रु., रवि.
पौर्णिमा. विहारात वंदना, मग खीर. शीतलनं बापाच्या नावाची वाटी काढून ठेवली. खिडकी असती तर सरकवली असती. दुपारी फो., नाही उचलला. संध्याकाळी ती वाटी रमानं संपवली.

५ फेब्रु., गुरु.
ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं. दुपारी एक गंमत. रमा रांगत भिंतीपाशी गेली, धरून उभी राहिली, फोटोकडे बघितलं आणि तळहात कपाळावर. कोणी शिकवत नव्हतं तेव्हा. शीतलनं झटकन मोबाइलमध्ये टिपलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा तोल गेला, बुडावर बसली, तरी हात कपाळावर.
तेच बाळूला पाठवलं. खाली काय लिहिलं ते इथं उतरवून ठेवते:
"बाळू, तब्येत कशी आहे? जेवतोस का वेळेवर? ही बघ तुझी नात तुला हाक मारतेय. तुझं हे नाव सिद्धूनं ठेवलं, मी फक्त पुढं दिलं. माझ्या रक्तात निघालं. तुझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. सिद्धूचं काय होतं तेही नक्की माहीत नाही, आणि मी खोटं सांगणार नाही. रक्त द्यायचं तर मी हात धरायला येते. नाही द्यायचं तर नको देऊ. पण ऑपरेशनच्या आधी ये. सर्दी असली तरी ये, तोंडाला रुमाल बांध. तिच्या कपाळावर हात ठेवणारं कोणी नाही इथं, माझा हात सुईनं खरबरीत झालाय.
लिहायला जमत नसेल तर एक गुलाब पाठव, मोबाइल भरला तरी चालेल. पण लवकर पाठव रे. आक्का."
दोन निळ्या खुणा आल्या. वाचलंय त्यानं.